जडसंग्रह नोंदवहीतील चालते यंत्र

शासकीय कार्यालयात कोणतीही टिकाऊ वस्तू आली की तिची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. आपण सगळे तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतो. त्यात वस्तूचे वर्णन, संख्या, किंमत, पुरवठादाराचे नाव, देयकाचा क्रमांक आणि दिनांक एवढे रकाने असतात. वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी होते, पडताळणी करणारा कर्मचारी वस्तू जागेवर असल्याचे पाहून सही करतो, आणि पुढे कधीतरी निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. या व्यवस्थेमागे एक गृहीत दडलेले आहे. वस्तू विकत घेतली त्या दिवशी ती जी होती तीच शेवटपर्यंत राहते; फार तर झिजते, मोडते किंवा हरवते. टेबल, कपाट आणि पंखा यांच्याबाबत हे खरे आहे. ज्या वस्तूचे वर्तन तिच्यातील सॉफ्टवेअर ठरवते तिच्याबाबत ते खरे नाही, आणि ही गोष्ट मला एका प्रयोगशाळेत, थोडी उशिराच, कळली.

काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात माझ्याकडे आरोग्याशी संबंधित कार्यभार होता. तेथील एका शासकीय प्रयोगशाळेत किशोरवयीन मुलींच्या रक्तातील फेरिटिनची तपासणी जिल्हावार चालू होती. फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे प्रथिन. नमुने हजारोंनी येत होते, आणि एवढे नमुने हाताने भरणे शक्य नव्हते म्हणून पिपेटिंगचे यंत्रमानव वापरात होते. हे यंत्र दिसायला काचेच्या मोठ्या पेटीसारखे असते. आत एक हात आडवा, उभा आणि खाली-वर सरकतो, प्लॅस्टिकची टिप उचलतो, नळीतून ठरलेले रक्तद्रव ओढतो आणि शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत एकेका खळग्यात सोडतो. माणसाचा अंगठा दिवसभरात थकतो, याचा थकत नाही. म्हणून आम्ही सगळे त्यावर खूष होतो.

जिल्ह्यांचे निष्कर्ष येत गेले. ज्या जिल्ह्यांत लोहाची कमतरता अधिक दिसली त्यांना गोळ्यांचा पुरवठा आणि शाळांतील देखरेख आधी द्यायची, असे ठरले. तो प्राधान्यक्रम लावणाऱ्या टिपणीवर माझी सही आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या पाहणीसाठी गेलो असता तेथील एक तरुण जीवरसायनतज्ज्ञ एक आलेख घेऊन माझ्याकडे आल्या. प्रत्येक ताटलीत माहीत असलेल्या मूल्याचे एक नियंत्रण-द्रव तपासायचे आणि येणारे आकडे दिनांकानुसार मांडत जायचे, ही जुनी पद्धत आहे. त्याला लेव्ही-जेनिंग्ज आलेख म्हणतात. ठिपके मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असले की सारे ठीक. त्यांच्या आलेखात एका दिनांकापर्यंत ठिपके रेषेच्या खालच्या अंगाला होते आणि त्या दिनांकानंतर जवळजवळ सगळे वर. एकही ठिपका मर्यादेबाहेर नव्हता, त्यामुळे कोणतीही ताटली बाद ठरली नव्हती.

“सर, या दिवशी काय झालं ते मला सापडत नाहीये,” त्या म्हणाल्या. “किट तेच आहे, लॉट तोच आहे, माणसं तीच आहेत.”

सापडले ते भेट-अहवालांच्या फायलीत. त्या दिवशी पुरवठादाराचा अभियंता नियमित देखभालीला येऊन गेला होता. अहवालात एकच ओळ होती: सॉफ्टवेअर अपडेट केले, यंत्र चालू स्थितीत आहे. खाली भांडारपालाची सही.

यंत्र चालू स्थितीत होतेच. किंबहुना ते पूर्वीपेक्षा अधिक अचूक झाले होते. आधी दहा मायक्रोलिटर सांगितले की ते त्याहून किंचित कमी ओढत असे. नव्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली होती. तुलनेसाठीची प्रमाण-द्रावणे तंत्रज्ञ हाताने भरत होते आणि नमुने यंत्र भरत होते. दोन्ही यंत्रानेच भरली असती तर यंत्राची चूक दोन्हीकडे सारखी होऊन बरीचशी वजा झाली असती. येथे ती झाली नाही. आधी तपासलेल्या जिल्ह्यांतील मुलींचे फेरिटिन प्रत्यक्षापेक्षा थोडे कमी दिसले, नंतरच्या जिल्ह्यांचे जवळपास बरोबर दिसले. फरक जेमतेम काही टक्क्यांचा होता. एखाद्या मुलीच्या अहवालात तो लक्षातही आला नसता. परंतु एका रेषेच्या खाली किती मुली येतात हे मोजून जिल्ह्यांचा क्रम लावायचा असतो तेव्हा, एकाच दिशेने झालेली छोटी चूक हजार नमुन्यांनी पुसली जात नाही. इतस्ततः होणाऱ्या चुका पुसल्या जातात. जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासल्यावर क्रम बदलला. माझी टिपणी चुकीची होती.

येथे वाचक विचारतील की सॉफ्टवेअर बदलल्याने पिपेट कमी-जास्त द्रव कसे ओढेल? दट्ट्या तोच, नळी तीच. याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. यंत्राला मायक्रोलिटर कळत नाही. त्याला मोटर किती फिरवायची आणि दट्ट्या किती मिलिमीटर सरकवायचा एवढेच कळते. दहा मायक्रोलिटर म्हणजे किती मिलिमीटर, हे रूपांतराचे कोष्टक सॉफ्टवेअरमध्ये असते. ते कोष्टक सरळ त्रैराशिकाचेही नसते, कारण दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची उशी असते. ती थोडी ताणली जाते, आणि अगदी लहान आकारमानांना हा फरक मोठा पडतो. म्हणून कोष्टक तुकड्या-तुकड्यांनी बसवावे लागते. उंचावरील ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने हेच पिपेट आणखी कमी द्रव ओढते, ही बाब लेहसारख्या ठिकाणी प्रयोगशाळा उभारणाऱ्यांनी विसरू नये. कंपनीला अधिक चांगली मोजमापे मिळाली की ती कोष्टक सुधारते आणि सुधारित कोष्टक पुढील आवृत्तीतून पाठवते. म्हणजे अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे दहा मायक्रोलिटर ही दोन वेगळी आकारमाने असू शकतात. पडद्यावर आकडा मात्र तोच दिसतो.

या विषयावर नंतर जे वाचले त्यातील एक उदाहरण मला फार मोलाचे वाटले. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्र दुसऱ्या बनावटीचे होते. हे उदाहरण ओपनट्रॉन्स या अमेरिकन कंपनीच्या ओटी-२ या यंत्राचे आहे. हे तुलनेने स्वस्त यंत्र असून त्याचे सॉफ्टवेअर खुले आहे, कोणालाही वाचता येते. त्याच्या ३.७.० या आवृत्तीत पहिल्या पिढीच्या काही पिपेटांची द्रव ओढण्याची कोष्टके सुधारण्यात आली. कंपनीने त्यासोबत सेटिंगमध्ये एक कळ ठेवली. ती दाबली की यंत्र पुन्हा जुन्या, कमी अचूक कोष्टकाने चालते. जुन्या निकालांशी सातत्य हवे असेल तर हिचा वापर करा, आणि अमुक पाच पिपेटांवरच हिचा परिणाम होतो, असे तिच्याखाली लिहिलेले होते.

कमी अचूक रीतीने चालण्याची सोय मुद्दाम का ठेवावी? अभियंत्याला हे विचित्र वाटेल, पण कायद्याचा मसुदा केलेल्या कोणाही अधिकाऱ्याला वाटणार नाही. आपण प्रत्येक नव्या अधिनियमाच्या शेवटी निरसन आणि व्यावृत्तीचे कलम घालतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ मधील कलम ६ तेच सांगते: जुना कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली आधीच निर्माण झालेले हक्क, दायित्वे आणि चालू असलेल्या कार्यवाही आपोआप रद्द होत नाहीत. नवा कायदा अधिक चांगला आहे हे मान्य करूनही आपण अर्ध्यावर असलेल्या प्रकरणाला जुन्याच नियमाने शेवटास जाऊ देतो. त्या कंपनीने ठेवलेली कळ म्हणजे यंत्राचे व्यावृत्तीचे कलमच होय. माझ्या सर्वेक्षणाला नेमके तेच हवे होते. अर्धे जिल्हे एका मापाने आणि अर्धे दुसऱ्या मापाने मोजण्यापेक्षा सगळे जिल्हे जुन्या, थोड्या चुकीच्या मापाने मोजून मग मापे बदलली असती तर क्रम तरी बरोबर आला असता.

आपल्या सांख्यिकी व्यवस्थेला हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष २००१ वरून २०१६ वर नेले गेले तेव्हा, सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नव्या मालिकेसोबत २.८८ हा जोड-गुणक जाहीर झाला. महागाई भत्त्याची आकडेमोड ज्याने केली आहे त्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. गुणक जाहीर न करता नुसता नवा निर्देशांक छापला असता तर देशभरातील कर्मचारी संघटना दुसऱ्या दिवशी दाराशी उभ्या राहिल्या असत्या. प्रयोगशाळेतील नमुन्यांची संघटना नसते. (कधीकधी वाटते, असती तर बरे झाले असते.)

आरोग्याच्या आकडेवारीतही पद्धतीचा प्रश्न किती खोल जातो हे आपण पाहिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयी स्त्रियांचे प्रमाण ५३.१ टक्के होते. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते ५७.० टक्के निघाले. त्यावर बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर किती विसंबावे असा वाद उभा राहिला, आणि पुढे ही तपासणी सहाव्या फेरीतून वगळून शिरेतील रक्त घेणाऱ्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे देण्याचे ठरले. नवी पद्धत अधिक चांगली असेल. परंतु जुन्या आकड्यांशी तिची सांगड घालणारे काम कोणीतरी करावेच लागेल, नाहीतर पुढच्या दशकात रक्तक्षय वाढला की घटला हे सांगता येणार नाही.

आता प्रशासनाच्या बाजूने येणारा आक्षेप घेतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ही हकीकत ऐकून लगेच उपाय सुचवला: अपडेट बंद करून टाका, चालते यंत्र छेडू नये. हा उपाय आकर्षक आहे आणि आपल्याकडे तो न ठरवताच अमलात असतो. अनेक शासकीय प्रयोगशाळांतील महागड्या उपकरणांना जोडलेले संगणक विंडोज ७ वर चालत राहिले. त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील कामकाज विस्कळीत केले, ते सुरक्षा-दुरुस्त्या न बसवलेल्या यंत्रणांमुळेच. शिवाय अपडेट न करण्याचा अर्थ मापातील चूक माहीत झाल्यावरही ती चालू ठेवणे असाही होतो. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत ठेवणे समजू शकते; पण त्यानंतर? एखाद्या दुकानदाराने वजनकाट्यातील ज्ञात चुकीबद्दल असे उत्तर दिले तर वैधमापन निरीक्षक ते ऐकून घेणार नाही.

वैधमापनाचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट. पेट्रोल पंपावर निरीक्षक पाच लिटरचे माप भरून पाहतो, पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य करतो आणि यंत्राला मोहोर लावतो. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशाच्या विशेष कृती दलाने लखनऊमधील पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रांत दूरनियंत्रकाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनीही अशा प्रकरणांत कारवाई केली. तेथे हेतू चोरीचा होता आणि आमच्याकडे सुधारणेचा, हा फरक मोठा आहे. पण प्रशासकीय प्रश्न एकच आहे. मोहोर धातूवर असते आणि माप आता आत, सूचनांच्या ओळींत असते.

मग करावे काय? प्रमाणके उपलब्ध नाहीत असे नाही. हातपिपेटांसाठी आयएसओ ८६५५ आहे, आणि स्वयंचलित द्रव-हाताळणी यंत्रांसाठी आयएसओ २३७८३ हे स्वतंत्र प्रमाणक २०२२ मध्ये आले. चाचणीची एक रीत अत्यंत साधी आहे: यंत्राला शुद्ध पाणी ओढायला आणि सोडायला लावायचे, सोडलेल्या पाण्याचे वजन करायचे, तापमान आणि हवेचा दाब नोंदवून वजनावरून आकारमान काढायचे, आणि हे अनेकदा करायचे. दहा मायक्रोलिटर पाणी म्हणजे सुमारे दहा मिलिग्रॅम. त्यासाठी मिलिग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा तराजू लागतो आणि बाष्पीभवन होऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते. प्रयोगशाळांना मान्यता देणारे एनएबीएल ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणकाचा आधार घेते, त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत प्रयोगशाळेच्या माहिती-व्यवस्थेतील बदल, सॉफ्टवेअरच्या मांडणीतील बदलांसह, अमलात आणण्यापूर्वी अधिकृत करावेत, नोंदवावेत आणि पडताळावेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेने पाळायची शिस्त आधीच लिहिलेली होती. ती खरेदी शाखेपर्यंत, भांडारापर्यंत आणि वित्त विभागापर्यंत पोचलेली नव्हती, एवढेच.

असा एक सूक्ष्म तराजू घेण्याचा प्रस्ताव मी त्यानंतर पाठवला. तो एका शेऱ्यासह परत आला: मूळ यंत्र बंद आहे काय? नसल्यास या खर्चाचे समर्थन द्यावे. मी हा शेरा लिहिणाऱ्याची थट्टा करत नाही. त्याच्यासमोरील नियमपुस्तकात यंत्राच्या दोनच अवस्था आहेत, चालू आणि बंद. “चालू, पण गेल्या महिन्यापेक्षा वेगळे” या तिसऱ्या अवस्थेसाठी लेखाशीर्ष नाही. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये गुंतागुंतीच्या आणि महागड्या उपकरणांसाठी देखभाल-करार करण्याची तरतूद आहे, परंतु देखभाल या शब्दाचा अर्थ आपण दुरुस्ती असाच घेतो. सर्वांत कमी दराची निविदा निवडताना यंत्राच्या किमतीची तुलना बारकाईने होते. पुढील पाच-सात वर्षांत किती अपडेट येतील, ते बसवण्यापूर्वी लेखी सूचना मिळेल का, कोष्टकात काय बदलले हे कंपनी सांगेल का, जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का, हे निविदेत विचारलेलेच नसते. मग पुरवठादार तरी कशाला सांगेल? माझ्या मते हे चार प्रश्न निविदेच्या तांत्रिक भागात आले पाहिजेत, आणि प्रत्येक अपडेटनंतरची पडताळणी देखभाल-कराराच्या दरातच धरली पाहिजे. पहिल्या वर्षी दर थोडा वाढेल. आमच्या सर्वेक्षणाच्या फेरतपासणीला लागलेले किट कोणत्या दरात बसले होते?

याहून अवघड प्रश्न अधिकाराचा आहे. अपडेट करायचे की नाही, आणि केव्हा, हे कोणी ठरवायचे? आमच्याकडे ते पुरवठादाराच्या अभियंत्याने ठरवले आणि भांडारपालाने त्यावर सही केली. दोघांचीही चूक नाही. अभियंत्याला कंपनीचा आदेश होता, भांडारपालाला यंत्र चालू दिसत होते. परंतु ज्या निर्णयाने एका जिल्ह्यातील मुलींचे आकडे दुसऱ्या जिल्ह्याशी ताडता येणार नाहीत असे होते, तो निर्णय देखभालीचा नाही. तो अभिलेखाच्या सातत्याचा निर्णय आहे आणि ज्याच्या सहीने अहवाल बाहेर जातो त्याच वैज्ञानिकाच्या सहीने तो झाला पाहिजे. न्यायालयात जाणाऱ्या अहवालांबाबत तर हे अधिकच खरे आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात त्या अभिलेखाचे हॅश मूल्य लिहावे लागते, म्हणजे कागद नंतर बदलला नाही हे आपण सिद्ध करतो. तो आकडा निर्माण करणारे यंत्र त्या दिवशी कोणत्या आवृत्तीवर होते, हे एखाद्या वकिलाने उलटतपासणीत विचारले तर किती प्रयोगशाळा सांगू शकतील?

प्राधान्यक्रम दुरुस्त करणारी टिपणी मी वर पाठवली. तीत कारण लिहिताना दोन मसुदे फाडले. पहिल्यात दोष यंत्रावर गेला होता, दुसऱ्यात अभियंत्यावर. मागे राहिलेल्या जिल्ह्यांना गोळ्या पोचल्या, पण एक सत्र उशिरा.

तराजूचा प्रस्ताव माझी बदली होईपर्यंत मंजूर झाला नव्हता. दरम्यान त्या जीवरसायनतज्ज्ञ बाईंनी शेजारच्या विद्यापीठातील तराजू आठवड्यातून एक दिवस वापरायची परवानगी मिळवली, आणि जडसंग्रह नोंदवहीत यंत्राच्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या अरुंद रकान्यात, लाल शाईने आवृत्तीचा क्रमांक व दिनांक लिहायला सुरुवात केली. पुढच्या भेटीस अभियंता आला तेव्हा त्यांनी त्याला आधी जुन्या आवृत्तीवर नियंत्रणाच्या दोन ताटल्या चालवायला लावल्या, मग अपडेट, मग पुन्हा दोन ताटल्या. त्याची परतीची गाडी चुकली आणि तो बराच चिडला, असे मला नंतर कळले. भेट-अहवालावर मात्र चारही ताटल्यांचे आकडे आहेत, आणि सही बाईंची आहे.